जलरंगाचा अपडेट: दिवाळी ते आषाढ

नमस्कार मंडळी, दिवाळीत जलरंग सुरू केले तेव्हा म्हटलं होतं की अधूनमधून कळवत जाईन, तर हा आषाढातला अपडेट. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते, शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली, इंटरमिजिएटला बसलेच नाही, आणि "हिला चित्रकला जमत नाही" हे घरच्यांच्या आणि माझ्या स्वतःच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की पंचेचाळिशीपर्यंत ब्रशला हात लावला नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालेलं असणार म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण इतक्या महिन्यांनी मला मनापासून वाटतं की जलरंगात चित्र उभं राहतं ते गडद कुठे आणि पाणी किती या दोन गोष्टींवर, आणि या दोन्ही गोष्टी सरावाने येतात, कुणालाही येतात.

आधी गडद-फिक्याचं सांगते. सुरुवातीचे काही महिने मी फक्त अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढ्या दोनच ट्यूब वापरल्या. निळा आणि विटकरी तपकिरी एकत्र केले की सुंदर राखाडी मिळतो, निळा वाढवला की थंड, तपकिरी वाढवला की ऊबदार, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात त्यामुळे वाळल्यावर आपोआप दगडासारखा खरखरीत पोत येतो. पुण्यात राहणाऱ्याला याहून उपयोगी मिश्रण नाही, आपला सगळा जुना दगड बेसॉल्टच की. म्हणून रविवारी आमचा जो छोटा ग्रुप बाहेर जाऊन चित्रं काढतो त्यांच्याबरोबर जंगली महाराज रोडवर पाताळेश्वरला पुन्हा पुन्हा गेले. आठव्या शतकातलं कोरीव लेणं, आणि समोर तो गोल नंदीमंडप, जाडजूड चौकोनी खांब आणि वर छत्रीसारखं छप्पर. सकाळी दहाच्या सुमारास छपराचा वरचा भाग उन्हात जवळजवळ पांढरा दिसतो, काळा दगड असूनही पांढरा, आणि खाली एकदम काळोख. पण डोळे किलकिले करून नीट बघत राहिलं की कळतं, त्या काळोखातसुद्धा खांबांच्या आतल्या बाजूंवर खालून हलका उजेड पडलाय, जमिनीवर पडलेलं ऊन परत वर फेकलं जातं ना, त्याचा. ग्रुपमध्ये एक निवृत्त ड्रॉईंग टीचर काका आहेत, ते म्हणाले, "अहो, छप्पर काढू नका, छपराखालचा काळोख काढा, छप्पर आपोआप दिसेल." तसं केलं आणि खरंच दिसलं! घरी आल्यावर लेक म्हणाला, "आई, हे जड वाटतंय." मला त्या दिवशी दुसरी कुठली पावती नको होती.

चेक करायची सोपी युक्ती म्हणजे मोबाईलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाईट करायचा. जागेचा पण आणि चित्राचा पण, आणि शेजारी शेजारी ठेवायचे. आणि रंग वाळल्यावर फिका होतो हे धरून ओला असताना थोडा जास्तच गडद लावायचा.

आता पाणी. याबद्दल परदेशातल्या व्हिडिओंमध्ये सांगतात तेवढी मिनिटं धरून पुण्यात चालत नाही बरं का. एप्रिल-मे महिन्यात दुपारी आपली हवा इतकी कोरडी असते की आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग पातळ थर, वरून खाली आणेपर्यंत वरची कड वाळलेली असते, त्यामुळे उन्हाळ्यात मी सकाळी लवकर बसायचे आणि कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या बोर्डवर चिकटवायचे, मग ओल बराच वेळ टिकते. आणि आता आषाढात बरोबर उलटं, वॉश वाळतच नाही, म्हणून दोन चित्रं एकदम घेऊन बसते, एक वाळेपर्यंत दुसरं. तर घड्याळ सोडा आणि कागदाची चकाकी बघा. कागद खिडकीकडे तिरका धरला की आधी पाणी चकचकीत दिसतं, मग ती चमक मंद होते, मग जाते. चकचकीत असताना रंग सोडला तर तो लांबवर पसरतो, धुकं आणि ढग यासाठी छान. चमक मंद झाली की खरी मजा, तेव्हा ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी आणि दाट रंग हवा, मग लांबची झाडं मऊ कडांची येतात आणि जागेवर राहतात. त्याच वेळी जर पाणीदार ब्रश टेकवला तर ते जास्तीचं पाणी आधीचे रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. हे एकदा समजलं की डाग पडायचा की नाही हे आपण ठरवतो, मी आता भिंतींच्या ओलीसाठी मुद्दाम पाडते.

कागदावर मात्र कंजूषी करू नका, बाकी सगळीकडे करा. रंग साधे चालतील, ब्रश एक १२ नंबरचा आणि एक ८ नंबरचा गोल पुरे, पण कागद ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) आणि कॉटनचा घ्या. कॉटनचे धागे पाणी धरून ठेवतात त्यामुळे आपल्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि नवशिक्याला वेळच तर हवा असतो. मी पूर्ण शीट आणून चार तुकडे करते आणि दोन्ही बाजू वापरते, परवडतं. शिवाजीनगरला आपली हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथे चिंध्यांपासून कागद करतात. हातकागद घेताना एवढंच बघा की त्याला सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, आहे का, नसेल तर रंग टीपकागदासारखा आत ओढला जातो, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहिलं की लगेच कळतं.

मधे सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र पुन्हा नीट पाहिलं, छापील पानावरच, मूळ म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कित्येकांना ते ऑईल वाटतं पण जलरंग आहे तो. ज्योतीवर हात धरलाय आणि बोटांमधून लालसर उजेड येतोय, आणि तो उजेड दिसतो कारण भोवती सगळं गडद ठेवलंय. ते आपल्या कुणाच्या आवाक्यातलं नाही हे मान्य, पण ते तसं का दिसतं हे आता मला कळतं, दिवाळीत कळत नव्हतं, आणि यात जो आनंद आहे तो मला शब्दांत नीट सांगता येत नाहीये.

पुढचा बेत म्हणजे पावसातली मंडई. ओल्या रस्त्यावर उलटं पडलेलं प्रतिबिंब आणि रंगीत छत्र्या, त्यासाठी यलो ऑकर आणि एक गुलाबी अशा दोन ट्यूब आणल्यात. छत्र्यांचे रंग ओल्या रस्त्यात उतरवताना कडा कुठे मऊ ठेवायच्या आणि कुठे कडक, यावर कुणी काम केलं असेल तर प्लीज फोटो टाका, शनिवारपर्यंत मिळाले तर रविवारी करून बघते.