हँगिंग गार्डनच्या खालची टाकी

मुंबईला गेलं की आपल्याकडची मंडळी हँगिंग गार्डनला जातातच. झाडं कापून केलेले हत्ती-उंट पाहायचे, समोर कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, लेकरांचे फोटो, झालं. त्या हिरवळीखाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी भरलेलं असतं हे मला गिरगावच्या मामानं सांगितलं, आणि तेव्हापासून मी या टाकीबद्दल जिथे जे मिळेल ते वाचून राहिलो आहे.

आधी मुंबई विहिरी अन् तलावांवर जगायची. धोबी तलाव, गोवालिया टँक हे सगळे खरेखुरे तलाव होते, नंतर बुजवले. 1860 ला विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं, 1879 ला तुळशी झाला, पण पाणी नुसतं लांबून आणून भागत नाही, सकाळी सगळं शहर एकाच वेळी नळ सोडतं तेव्हा पुरायला ते जवळच कुठंतरी साठवावं लागतं. म्हणून 1880 च्या दशकात आधी माझगावला भंडारवाडा अन् मग मलबार हिल, अशा टेकड्यांवर टाक्या बांधल्या. टेकडीच का, तर पाणी एकदा वर चढलं की उताराने आपोआप खाली जातं, गिरगाव, ग्रँट रोड, ताडदेव, फोर्ट, कुलाब्यापर्यंत. मलबार हिलची, म्हणजे हँगिंग गार्डनखालची टाकी जवळपास पावणेपंधरा कोटी लिटरची आहे, आत वेगवेगळे कप्पे, वर छत, छतावर माती आणि मातीवर बाग. बाजूलाच पारशांचा दोखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवायची जागा असल्यामुळे, गिधाडांच्या भीतीने पाणी झाकलं असं तिथले लोक सांगतात. मला तर ऊन अन् शेवाळ एवढंच कारण पुरेसं वाटतं, उघड्या पाण्याचं काय होतं ते नागपूरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मला खरं सांगायचं आहे ते 2023 चं. टाकी जुनी झाली, पाडून नवीन मोठी बांधू असं महापालिकेनं ठरवलं, आणि त्यात बागेतली 389 झाडं जाणार होती, काही तोडून, काही दुसरीकडे लावून. लोक उठले. बरं, नुसत्या झाडांसाठी नाही, टाकी खरंच खराब झाली आहे का हे आत जाऊन पाहिलं का कोणी, असा त्यांचा सवाल होता आणि मला तो फारच रास्त वाटतो. मग समिती बसली, आयआयटी मुंबईचे प्राध्यापक त्यात होते, डिसेंबरात कप्पा रिकामा करून माणसं आत उतरली. समितीतच दोन मतं झाली, पण प्राध्यापकांचं म्हणणं होतं की पाडायची गरज नाही, दुरुस्तीनं काम भागेल. पुढे आयआयटी रुरकीलाही विचारलं आणि 2024 मध्ये पाडायचा बेत रद्द झाला.

इंग्रजांच्या काळातलं बांधकाम एवढी वर्षं रोज पाणी देऊन राहिलं, त्याला जुनं म्हणून निकालात काढायच्या आधी आत एक नजर टाकायला एवढं भांडावं लागलं याचा मला राग येतो. आपल्या नागपुरातही तसंच आहे ना. गोंड राजा चांद सुलतानाच्या काळचा जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, त्याच्या काठाने रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की तो पाण्यासाठी केलेला होता? अंबाझरीहून 1870 साली शहराला पाणी द्यायची सोय झाली, आता पाणी पेंच अन् कन्हानहून येतं, तर अंबाझरी फक्त फिरायची जागा झाली, आणि सप्टेंबर 2023 ला तो तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत घुसला तेव्हा सगळ्यांना अचानक त्याची पाळ आठवली. पाळीची तब्येत दरवर्षी पाहिली पाहिजे, पूर आल्यावर नाही.

मलबार हिलला दुरुस्ती करायची तर एकेक कप्पा रिकामा करावा लागतो, कारण बाकीच्यांनी तोवर शहराला पाणी द्यायचं असतं. वेळखाऊ काम आहे. मामाला मी म्हटलं, त्या दिवसांत तुमच्याकडे पाणी कमी आलं तरी कुरकुर करू नका. तो म्हणाला, करणार नाही, पण पिंप भरून ठेवीन.