आट्यांचं बूच सुटलं, आणि ते बर्फाने

बूच निघालं! महूच्या भंगारातून आलेल्या त्या गडद हिरव्या बाटलीच्या गळ्यात घट्ट बसलेलं एबोनाईटचं, म्हणजे कडक रबराचं, बूच काल रात्री सुटलं. बाटलीच्या ओठाला टवका गेलेला नाही, आटे शाबूत आहेत आणि माथ्यावरची अक्षरं बोटाला लागतात. मागच्या नोंदीनंतर ज्यांनी उपाय कळवले त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते, कारण त्यातले बरेचसे उपाय असल्या बुचाला घातक आहेत असं माझं आता ठाम मत झालंय.

या बाटलीसाठी एवढा खटाटोप का, ते आधी. हेन्री बॅरेटने १८७९ मध्ये इंग्लंडात आतून आटे पाडलेला गळा आणि त्यात फिरवून बसवायचं बूच आणलं. त्याआधी बिअरची बाटली म्हणजे बहुतेक वेळा झाडाच्या सालीचं (कॉर्कचं) बूच आणि वरून तार. एकदा उपटलं की संपलं. बॅरेटचं बूच हाताने उघडायचं, हातानेच लावायचं, रिकामी बाटली परत करायची, कारखान्यात धुऊन पुन्हा भरायची. म्हणजे हा सगळा परतीच्या बाटलीचा धंदा. समुद्रापार गेलेली बाटली कोण परत आणणार? बर्टन या इंग्लंडातल्या बिअरच्या गावाहून हिंदुस्थानात येणारी बिअर मुख्यतः पिंपांतून, नाहीतर बूच-तारेच्या बाटल्यांतून येई. म्हणून महूच्या छावणीच्या आसपास मिळालेली आट्यांची बाटली मला तरी इथेच भरलेली वाटते, मग ती बिअरची असो की जिंजर बिअरची. काचेवर नाव नाही, लेबल केव्हाच गेलंय. कारखान्याचा पत्ता सांगू शकेल असं एकच ठिकाण उरलं होतं, बुचाचं डोकं. आणि त्यावर माती आणि लोखंडाच्या गंजाचा कडक थर. बूच गळ्यात असताना तो थर भिजवायचा तर पाणी कडेने आत झिरपतं आणि तिथेच कोंडतं. त्यामुळे आधी बूच बाहेर काढणं भाग होतं.

आता मूळ अडचण. बुचाच्या डोक्याखाली लाल रबराची रिंग असते, खरी हवाबंदी तीच करते. शंभरेक वर्षांत ते रबर कडक होऊन काचेला चिकटलं होतं. डोकं ओठाच्या वर जेमतेम तीन मिलिमीटर, त्यामुळे पकडायलाही जागा नाही.

सगळ्यांचा पहिला सल्ला एकच: गळा गरम पाण्यात धरा. लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण असं सुटतं खरं, पण तिथे धातू बाहेर असतो आणि काच आत. इथे सगळं उलटं आहे. काच बाहेर, एबोनाईट आत. एबोनाईट म्हणजे भरपूर गंधक, साधारण तीस टक्क्यांच्या आसपास, घालून कडक केलेलं रबर. उष्णतेने ते काचेच्या सात-आठ पट फुगतं. म्हणजे गरम पाण्यात बूच सुटायच्या ऐवजी आणखी आवळतं, आणि आतून जुन्या काचेवर ताण येतो तो वेगळाच. शिवाय गरम पाण्याने एबोनाईट मऊ पडतं, मग जोर लावला की डोकं पिळवटतं. आणि रंगही जातो. जुनी फाउंटन पेनं जमवणाऱ्यांना विचारा: काळ्याभोर एबोनाईटचं पेन गरम पाण्यात टाकलं की मातकट होतं. राजमहेंद्रीला आजही एबोनाईटची पेनं बनतात, तिथल्या पेनांचे शौकीन हे पहिल्या दिवशी शिकतात.

दुसरा सल्ला रॉकेल, किंवा गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेल. रॉकेलने रबर फुगतं, आणि आपल्याला ते आकसायला हवंय. तिसरा सल्ला पकडीचा, त्याबद्दल न बोललेलंच बरं. एबोनाईटवर पकडीचे दात उमटले की अक्षरांचा पुरावा गेला.

म्हणजे उपाय थंडीचा. हिशेब मांडून पाहिला. बुचाचा व्यास २० मिलिमीटर, खोलीचं तापमान २८ अंश, फ्रीजरमध्ये उणे १५. एबोनाईट आणि काच दोन्ही आकसणार, पण एबोनाईट जास्त. दोघांतला फरक निघतो सुमारे ०.०५ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसलेल्या आट्यांना एवढी सैल पुरते.

कागदावर पुरते. प्रत्यक्षात फ्रीजरमधून काढलेली बाटली आधीपेक्षाही घट्ट झाली होती. फिरवून पाहिलं तर बूच जणू काचेतच ओतलंय. थंडी जास्त दिली, कमी दिली, तेच. या एका गोष्टीने मला अगदी रडकुंडीला आणलं, कारण हिशेबात कुठेच खोट सापडत नव्हती. शेवटी भिंगाखाली गळा पाहिला आणि कडेला पांढरी, बारीक, चमचमती रेघ दिसली. बर्फ! इंदूरच्या पावसाळ्यातली दमट हवा, बाटली थंड होताच कडेच्या फटीत पाणी धरत होती आणि तेच पाणी आट्यांमध्ये गोठत होतं. एबोनाईट आकसून जेवढी जागा करत होतं, तेवढी बर्फ भरून काढत होता.

उपाय सुचला तो ग्लिसरीनचा. दोन भाग ग्लिसरीन आणि एक भाग पाणी असं मिश्रण उणे ४० अंशांपर्यंतही गोठत नाही. रबराला ते फुगवत नाही आणि वंगण म्हणूनही चालतं. आधी शिवणाच्या सुईने रिंगचा वर आलेला कडक भाग चुरा करून काढला. हे काम अत्यंत सावकाश. सुई काचेवर घासली तर ओरखडा, एबोनाईटवर घासली तर खड्डा. मग इंजेक्शनच्या बोथट सुईने कडेने थेंब-थेंब मिश्रण सोडलं, बाटली आडवी करून फिरवत राहिले आणि रात्रभर मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी बाटली टॉवेलात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग वर. जुन्या काचेला एकदम गार करायचं नाही, तडकते.

शेवटची युक्ती सासूबाईंची. फ्रीजरचा कप्पाही त्यांनीच रिकामा करून दिला होता. बाटली बाहेर काढली की हाताच्या उबेने डोकं लगेच तापतं, यावर त्या म्हणाल्या, "अगं, नुसत्या बर्फाने काय होतं? खडेमीठ टाक त्यात. कुल्फीचे साचे कसे जमतात?" मीठ-बर्फाचा चुरा छोट्या रबरी पिशवीत भरून फक्त बुचाच्या डोक्यावर ठेवला. काच तुलनेने उबदार, बूच गारठलेलं. हवा होता तो फरक आणखी वाढला.

पकडीसाठी रामबागेतल्या सुतारकाकांनी शिसवीचा दोन भागांचा चिमटा करून दिलाय. मधे बुचाच्या मापाचं भोक, आतून मऊ शॅमॉय चामडं, बाजूला एक लांब बोल्ट. आधी सायकलच्या ट्यूबचं अस्तर लावलं होतं, पण थंडीत ते ताठ होऊन घसरतं. चामडंच हवं. सोडवण्याआधी केसभर आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. नुसतं एकाच दिशेला ओढत राहिलं तर रबराचा चुरा आट्यांत साठतो. असं मागे-पुढे करता करता एक बारीक "कट्" आवाज आला. काच गेली असं वाटून माझा जीव गळ्याशी आला. पण तो रिंगचा शेवटचा तुकडा सुटल्याचा आवाज होता. त्यानंतर बूच असं फिरलं की जणू काल बसवलंय. बाटलीतून आला तो गंधकाचा वास.

मग माथा. साधं पाणी, मऊ ब्रश, बस. पितळेची पॉलिश वगैरे अजिबात लावू नका, त्यातली भुकटी अक्षरांच्या कडा घासते. गंजाचा थर भिजल्यावर पापुद्र्यासारखा निघाला. मोबाईलचा दिवा अगदी आडवा धरला आणि कडेने गोल फिरणारी अक्षरं उठली. "अँड को." स्पष्ट आहे, त्याआधीची चार-पाच अक्षरं झिजलीत, मधे सहा टोकांचा तारा. 'वॉर ग्रेड' हे शब्द नाहीत. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई होती तेव्हा हलक्या मिश्रणाच्या बुचांवर ते उमटवत. एवढ्यावरून काळ पक्का होत नाही, पण मी ती रात्र त्या ताऱ्याकडे बघत काढली हे खरं.

सामानाबद्दल दोन शब्द. सियागंजात ग्लिसरीन, सिलिका जेल, चामडं, बोल्ट सगळं एका फेरीत आणि रास्त भावात मिळतं. ऑनलाइन "अँटिक रिस्टोरेशन किट" म्हणून जे विकतात त्यात हेच सामान चौपट किमतीला असतं. आणि एक सावधगिरीची गोष्ट, कारण दोघांनी मला फोटो पाठवून विचारलं: पितळी तरंगकाटा, १० ते ९० आकड्यांची नऊ वजनं, लाकडी पेटी, असा संच "ब्रूअरीचा जुना मीटर" म्हणून विकला जातोय. तो साइक्सचा हायड्रोमीटर आहे. ब्रिटिश अबकारी खात्याने १८१६ च्या कायद्याने तो स्वीकारला आणि त्याने कडक दारूची तीव्रता मोजतात. ब्रूअरचं, म्हणजे बिअर बनवणाऱ्याचं, साधन वेगळं, सॅकरोमीटर, जो आंबवण्याआधीच्या गोड रसातला माल्टचा अर्क सांगतो. जॉन रिचर्डसनने १७८४ मध्ये त्याचा वापर पद्धतशीर मांडला, तेव्हापासून ब्रूअर अंदाजाऐवजी आकड्यांवर काम करू लागले. साइक्सची पेटी सुंदर असते, जरूर घ्या, पण बिअरची म्हणून जादा पैसे देऊ नका.

आता बेत बदललाय, आणि तो हे लिहिता लिहिताच बदलतोय. बैठकीतल्या भिंतीवर मी जाहिरातींची मोठी चित्रं लावणार होते: गिनेस बिअरची १९२९ पासूनची मोहीम, चित्रकार गिलरॉयचा टुकान पक्षी वगैरे. त्या छापील प्रती कुणीही आणून लावू शकतं. त्याऐवजी बुचांचीच फळी करते. सालीचं बूच आणि तार, कॉडची १८७२ ची गोटी (सोड्याची असली तरी ती हवीच), १८७५ चं तारेच्या खटक्याचं झाकण, बॅरेटचं आट्यांचं, आणि १८९२ चा विल्यम पेंटरचा बिल्ला, म्हणजे पत्र्याचं दातेरी झाकण. पेंटरच्या बिल्ल्याला २४ दाते आणि आत सालीची चकती होती, आजच्या बिल्ल्याला २१ दाते आणि प्लास्टिकचं अस्तर. हे दोन शेजारी लावले की न सांगता कळतं. पेंटरच्या कंपनीत विक्रेता असलेल्या जिलेटला (तोच, दाढीच्या पात्यांचा) 'वापरून फेकायचं असं काहीतरी शोध' हा सल्ला पेंटरनेच दिला म्हणतात. बॅरेटची बाटली परत यायची, बिल्ला फेकूनच द्यायचा. या दोघांमध्ये फळीवर थोडी मोकळी जागा सोडावी असं वाटतंय.

आणि प्रत्येक बुचाचा माथा समोर हवा, कड नव्हे. कारण जाहिरात तिथेच होती. बर्टनच्या बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण १ जानेवारी १८७६ ला ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क झाला, पण बासची बिअर बाटलीत भरणारे बहुतेक दुसरेच असत आणि लेबलावर त्रिकोणाच्या जोडीला त्यांचंही नाव येई. बुचावरचं नाव तर उघडताना पिणाऱ्याच्या थेट अंगठ्याखाली. आपल्याकडे २००० साली केबल टीव्हीच्या नियमांनी दारूच्या जाहिराती पडद्यावरून हटवल्या, तेव्हा कंपन्यांनी तेच नाव पाण्याच्या बाटलीवर नि कॅलेंडरवर नेलं. मला त्यापेक्षा बुचाच्या माथ्यावरचं दोन सेंटिमीटरचं नाव जास्त भावतं. तिथे नावाखाली खरोखर तीच वस्तू आहे.

नवी रिंग करायची की नाही, हे अजून ठरत नाहीये. लाल सिलिकॉनची ३ मिलिमीटरची रिंग बसते, दिसते छान, पण नवी आहे हे लपता कामा नये. बहुधा जुन्या रिंगचे तुकडे कुपीत ठेवेन आणि बूच रिंगशिवायच लावेन, सैल.

ज्यांच्याकडे इंदूर, महू, नीमच, ग्वाल्हेर भागात मिळालेली आट्यांची बुचं आहेत त्यांना विनंती: माथ्याचा फोटो दिवा डावीकडून आडवा धरून काढा, दुसरा उजवीकडून, आणि डोक्याचा व्यास मोजून कळवा. झिजलेलं अक्षर एका बाजूने दिसत नाही तेव्हा दुसऱ्या बाजूने दिसतं. माझ्या बुचाचं डोकं २७ मिलिमीटर आहे, आणि ताऱ्याचं एक टोक थेट "को." च्या टिंबाकडे आहे. जुळणारं बूच कुणाकडे असेल तर गेलेली अक्षरं त्यावर मिळतील.