‘इन द मूड’ : कात्रीने घडवलेली तबकडी

अमेरिकन जाझ बँडप्रमुख ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदाने १ ऑगस्ट १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘इन द मूड’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्यातली मुख्य धून रसिकांना अगदीच अनोळखी नव्हती. ट्रम्पेटवादक विंगी मनोन याने ती १९३० मध्येच ‘टार पेपर स्टॉम्प’मध्ये वाजवली होती, पुढे फ्लेचर हेंडरसनच्या बँडनेही ती वापरली आणि सॅक्सोफोनवादक व संगीत-संयोजक जो गारलंडने तिच्याभोवती पूर्ण रचना उभी केली. ही रचना मिलरच्या आधी आर्टी शॉ या दुसऱ्या बँडप्रमुखाकडे गेली होती, पण तिची मांडणी इतकी लांबलचक होती की मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर ती मावणे शक्यच नव्हते.

मिलरने तिच्यावर निर्दयपणे कात्री चालवली, आणि माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व तेच. टेक्स बेनेकी आणि अल क्लिंक यांच्या टेनर सॅक्सोफोनची सवाल-जवाबासारखी झटापट त्याने ठेवली, क्लाइड हर्लीच्या ट्रम्पेटला मोजकी जागा दिली आणि शेवट तर असा बांधला की नाचणाऱ्यांची फसगतच व्हावी. तीच धून पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हलक्या आवाजात. आता संपलेच असे वाटून पावले थबकू लागतात, तोच सगळा बँड एकदम गर्जून उठतो. शंभरदा ऐकूनही मी त्या क्षणी सावरून बसतो.

लोकप्रियतेला व्यवहाराचीही साथ होती. ही तबकडी आरसीए व्हिक्टरच्या ‘ब्लूबर्ड’ या स्वस्त मालिकेत, ३५ सेंटला निघाली, तर नामवंत कंपन्यांच्या तबकड्या ७५ सेंटपर्यंत जात. त्याच उन्हाळ्यात ग्लेन आयलंड कॅसिनो या न्यूयॉर्कजवळच्या नृत्यगृहातून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांनी मिलरचे नाव घरोघरी पोहोचवले होते. त्यात ज्यूकबॉक्सची, म्हणजे नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या यंत्रांची, भर पडली आणि १९४० च्या सुरुवातीला अमेरिकेत ‘इन द मूड’ कित्येक आठवडे अग्रस्थानी राहिले.

हा बँड फार घोटीव, फार शिस्तीचा, म्हणून जाझचे काही कट्टर चाहते त्याला नाक मुरडतात. काउंट बेसीच्या बँडमधली मोकळीक इथे नाही, हे खरेच; पण नाचासाठी काढलेल्या तबकडीत हा काटेकोरपणा मला खटकत नाही. खटकते ते एवढेच, की रचनाकार म्हणून मनोनचे नाव या तबकडीवर आले नाही.