मावशीचा इको
आज मावशीला गंगापूर रोडला इकोसाठी (हृदयाची सोनोग्राफी) नेलं होतं. हृदयातली मायट्रल झडप गळते हे माहीत होतं, पण पडद्यावर दर ठोक्याला उलटा उसळणारा रक्ताचा रंगीत झोत पाहून पोटात गोळाच आला.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. झडपेच्या पाकळ्या धड आहेत. हृदय मोठं झाल्यामुळे त्यांच्या बुडाचं कडं सैलावलंय, म्हणून त्या नीट मिटत नाहीत. छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक लवचिक नळी) नेऊन पाकळ्या क्लिपने जोडता येतात. अमेरिकेत अशा क्लिपला २०१३ मध्ये मान्यता मिळाली, मावशीसारख्या दुखण्यासाठी २०१९ मध्ये.

मला मात्र दुसरीच कल्पना विलक्षण वाटली: कॅथेटरच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा देऊन ते कडंच तापवायचं. उष्णतेने त्यातलं कोलॅजन (ऊतींना बळकटी देणारं प्रथिन) आकसतं, कडं लहान होतं, पाकळ्या पुन्हा एकमेकींना टेकतात. मेंढ्यांवर प्रयोग झालेत, पण रोजच्या उपचारात हे अजून आलेलं नाही. (ठोके बिघडतात तेव्हा हीच ऊर्जा कधीपासून वापरतात!) हे लवकर यावं असं मनापासून वाटतं.

मावशीला सध्या गोळ्या, मीठ कमी, रोज सकाळी वजन. "लोणचं अजिबात नाही का हो?" हा तिचा डॉक्टरांना एकमेव प्रश्न. क्लिपचं पुढच्या इकोनंतर ठरेल. कुणाच्या घरी बसवली असेल तर अनुभव नक्की कळवा.