एकच नायट्रोजन, दोन संच

सिम्युलेशनसाठी लेनर्ड-जोन्सचे आकडे (दोन रेणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात, हे सांगणाऱ्या सूत्रातले) शोधताना आज नायट्रोजनचे दोन संच समोर आले. एकात सिग्मा, म्हणजे रेणूचा आकार, ३.७९८ अँगस्ट्रॉम; एप्सिलॉन भागिले के, म्हणजे आकर्षणाचा जोर (के हा बोल्ट्झमनचा स्थिरांक), ७१.४ केल्विन. दुसऱ्यात ३.६८१ आणि ९१.५. रेणू तोच ना?

३०० केल्विनला व्हिस्कॉसिटी (वायूचा वाहण्याला होणारा विरोध) दोन्ही संचांनी काढली, तर फरक जेमतेम एक टक्का!

सहकारी म्हणाली, “मग घे की कुठलाही.”

घ्यावा, पण जोडीनेच. एकाचा सिग्मा, दुसऱ्याचा एप्सिलॉन घेतला की उत्तर पाच-सहा टक्क्यांनी चुकतं. हे आकडे रेणूवर कोरलेले थोडेच असतात? मोजमापांवर बसवलेले असतात. एकाची कसर दुसरा भरून काढतो.

वायूंच्या मिश्रणात तर दोन वायूंच्या आकड्यांची सरासरीच घेतो आपण. तेव्हा दोघांचे संच कुठून आले, हे कितीजण बघतात?