डब्यातल्या दोन गोळ्या

लेकीला ताप भरला त्या रात्री मी औषधांच्या डब्यातून सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या उरलेल्या दोन गोळ्या काढल्या. तिच्या बाबांच्या, मागच्या आजारपणातल्या. एक रात्री दिली, एक सकाळी. ताप 103 वरून हलेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "घरी काही अँटिबायोटिक दिलंय?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, पाठवलं, पण बाटलीत जंतू वाढलेच नाहीत. आधी पोटात गेलेल्या गोळ्यांनी असं होतं, म्हणाले. जंतू पुरते मरत नाहीत, फक्त तपासणीत सापडेनासे होतात. आणि कल्चर आलं असतं तर कुठलं औषध लागू पडेल तेही कळलं असतं. ती वाट मी बंद केली होती. हे मला अजून खुपतं.

लक्षणांवरून टायफॉईड धरून शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू झालं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला आपल्याकडचा टायफॉईड आता फारसा दाद देत नाही. सिस्टर पांढऱ्या पावडरीच्या बाटलीत पाणी सोडायच्या, ती हलवायच्या, फिकट पिवळं झालं की सलाईनमधून सावकाश द्यायच्या. लेक थेंब मोजत पडून राहायची. तिसऱ्या दिवशीही ताप 102. मी औषध बदला म्हणून मागे लागले. डॉक्टर म्हणाले, "हे औषध जंतूला त्याची भिंत बांधू देत नाही. पण टायफॉईडचा जंतू आपल्याच पेशींत दडून बसतो, म्हणून ताप उतरायला चार-पाच दिवस जातात. थांबा." पाचव्या पहाटे तिचं कपाळ घामाने ओलं झालं. मी ते पुसलंसुद्धा नाही, नुसता हात ठेवून बसले.

त्या जागरणांत वाचलं, की तिच्या या औषधांचं, म्हणजे सेफॅलोस्पोरिन कुळाचं, मूळ टायफॉईडशीच जोडलेलं आहे. 1945 च्या सुमारास इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, कॅलिआरीत, ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना सांडपाणी समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यात एक बुरशी सापडली. टायफॉईडच्या जंतूला ती वाढू देत नव्हती. पुढे ऑक्सफर्डमध्ये तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी वेगळं केलं गेलं. आणि 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. ते वाचून पोटात गोळा आला.

घरी येताना पुढच्या गोळ्या दिल्या, एकूण चौदा दिवस भरतील अशा. आठवड्यात ती खेळायला लागली, सासूबाई म्हणाल्या, आता कशाला? मी स्ट्रिपवर पेनाने प्रत्येक गोळीची तारीख लिहिली होती. शेवटची तारीख येईपर्यंत रोज समोर उभं राहून दिली.