नवे टर्नटेबल की जुने? आधी घरातल्या रेकॉर्डी पाहू

आमच्याकडे रेकॉर्डी अजून वाजतात हे कळले की पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आम्हालाही टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे यंत्र, घ्यायचे आहे, नवे घ्यावे की जुने? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझे उत्तर अनेकांचा हिरमोड करणारे आहे, कारण नागपुरात राहणाऱ्या बहुतेकांनी नवेच घ्यावे असे माझे मत आहे. जुन्या यंत्राचा मोह मला चांगला समजतो. पण इथे जुने यंत्र घेणारा माणूस त्यासोबत मिस्त्री शोधण्याचे कामही पदरात घेतो, आणि टोनआर्मचे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग हाताळू शकेल असा मिस्त्री इतवारीपासून सीताबर्डीपर्यंत फिरूनही सहजी भेटत नाही.

तरीही निर्णयाआधी घरात कोणत्या रेकॉर्डी आहेत ते पाहावे. महालातल्या वाड्यातून किंवा धरमपेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरून जो गठ्ठा निघतो, त्यात सहसा मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी, ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डी आणि ७८ फेऱ्यांच्या जड, ठिसूळ लाखेच्या रेकॉर्डी एकत्र असतात. लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सुई लागते, तर एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते. एलपीची सुई त्या खाचेत तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखर अधिक ऐकवते. शिवाय आजच्या अनेक साध्या टर्नटेबलांना ७८ चा वेग नसतोच. ऑडिओ टेक्निकाच्या एलपी १२० एक्स या यंत्राला तो आहे, मात्र सुई वेगळी घ्यावी लागते. गठ्ठ्यात एलपीच जास्त असतील तर त्याच कंपनीचे एलपी ६० एक्स हे बेल्टचे, म्हणजे मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते असे, साधे यंत्रही पुरते. त्यात सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप आतच असल्याने ते कोणत्याही साध्या अँप्लिफायरला जोडता येते आणि सुई घरच्या घरी बदलता येते.

नवे म्हणजे सुरक्षित, असे मात्र नव्हे. बॅगेसारखे उघडणारे जे स्वस्त, देखणे प्लेअर भेट म्हणून दिले जातात, त्यांत सहसा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग) असते आणि त्याची सुई रेकॉर्डवर चार-पाच ग्रॅमचा भार टाकते. चांगले मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर काम भागवते. आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा हा रेकॉर्ड प्लेअर याच जुन्या घराण्यातला आहे, तेव्हा तो प्रेमाने जपावा, पण नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांड्यांची घरातली एकुलती एक एलपी त्यावर लावू नये.

आता जुन्याकडे वळू. मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओळखीच्या संग्राहकाकडे जे मिळते, त्यातले डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरवरच थाळी बसवलेले, जपानी यंत्र मी आधी पाहीन. टेक्निक्सचे एसएल १२०० मार्क २ हे १९७९ मध्ये आले, त्याचे घराणे २०१० पर्यंत बनत राहिले, आणि म्हणून त्याचे सुटे भाग व ते जाणणारी माणसे आजही सापडतात. रबरी चाकावर चालणाऱ्या इंग्लिश गॅरार्डचे नाव मोठे आहे; पण चाक कडक झाले की आवाजाखाली घरघर सुरू होते, आणि ते चाक नीट करून देणारा आपल्या गावात कुठे शोधायचा?

परदेशातून आलेल्या यंत्राच्या मागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अमेरिकेतले १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे सिंक्रोनस मोटरचे, म्हणजे जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो अशा मोटरचे, यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून इथे चालू होते खरे, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. आपल्या ५० हर्ट्झवर ते एक षष्ठांशाने हळू फिरते, आणि पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गवई खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतो.

वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती थाळीवर ठेवून ती जुन्या, चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवावी. ३३⅓ चा वेग अचूक असेल तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात, नाहीतर पुढे किंवा मागे सरकू लागतात. एलईडीखाली या प्रयोगाचा भरवसा नाही. याहून चांगली परीक्षा कानाची आहे : संथ ख्यालाची स्वतःची एलपी सोबत न्यावी आणि सुरुवातीचा तंबोरा ऐकावा. पेटी-तबल्याच्या गर्दीत जे लपते ते तंबोऱ्याच्या सलग सुरात लपत नाही, वेग डगमगला की तो लगेच लहरताना ऐकू येतो. विकणाऱ्याने रेकॉर्ड वाजवून दाखवायला टाळाटाळ केली, तर चहा पिऊन परत यावे.

नागपूरचा उन्हाळा नव्या-जुन्यात भेद करत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत आडव्या रचलेल्या रेकॉर्डी वाकतात आणि बेल्टचे रबर सैल पडते. कूलरच्या झोतात तर यंत्र ठेवूच नये; ओल कव्हरांना बुरशी आणते, आणि कूलरची थरथर टेबलातून सुईपर्यंत पोहोचते.

एवढे सगळे पाहूनही जुनेच पसंत पडले, तर ते ट्रान्सपोर्टने मागवू नये. थाळी काढून, टोनआर्मचे वजन उतरवून, आर्म दोऱ्याने बांधून विदर्भ एक्सप्रेसने स्वतः घेऊन यावे, आणि घरची पहिली रेकॉर्ड लावण्याआधी नवी सुई बसवावी. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास टिकते, आणि यंत्रासोबत आलेली सुई त्यांतले किती तास वाजली आहे हे बहुधा विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.